यंदा वांगं सोडलं नाही

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी
देवळात चातुर्मासाचे नेम घेतले. एकेक बाई पुढं होते, हातावर पाणी घेते, चार महिने काय सोडलं ते बोलते आणि पाणी ताम्हणात सोडते. पाणी सुटलं की शब्द माघारी घेता येत नाही. कुणी कांदा-लसूण सोडला, कुणी गादीवर झोपणं. सुशीलाअक्कांनी चहा सोडला. त्या भजनी मंडळाच्या प्रमुख, त्यांना सगळ्यांपेक्षा मोठं काहीतरी सोडावं लागतं.

माझी पाळी आली. म्हटलं, वांगं. दरवर्षी तेच सोडते. मागून आमच्या सूनबाई, पल्लवी, हळूच म्हणाल्या. हळूच म्हणजे सगळ्या मंडपाला ऐकू जाईल इतपत. "आई, वांगं तुम्ही एरवी तरी कुठं खाता? सोडायचंच तर लोकांना नावं ठेवणं सोडा."

सगळ्या हसल्या. अक्कांनी तर टाळ खाली ठेवले हसायला. मला आला राग, आणि हातात पाणी होतंच. म्हटलं, "सोडलं. कार्तिकीपर्यंत कुणालाबी नावं ठेवणार न्हाई." आणि सोडलं पाणी.

घरी येईपर्यंत आमचे हे रस्त्याने एकटेच हसत होते.

७ जुलै, सोमवार
पहिला चहा व्हायच्या आत संकट. पल्लवीने दूध उतू घालवलं. तोंड उघडलं, मिटलं. ती माझ्याकडे बघतेय, मी खिडकीकडे. खिडकीतून भाडेकरूंचे वाळत घातलेले कपडे दिसले, अर्धे चिखलात लोंबणारे. डोळेच मिटून घेतले.

एक ठरवायला हवं. वहीत लिहिलेलं धरायचं का? माझ्या मते धरायचं नाही. कुणाला विचारायला जात नाही. पण यापुढे इथं 'ना. ठे.' एवढंच लिहीन. पूर्ण लिहिलं की जीभ वळवळते.

१० जुलै, गुरुवार
सगळ्या कुरुळी गावात बातमी झालीय. बायका मुद्दाम येऊन बघून जातात, पिंजऱ्यात काही आणल्यासारखं. शेजारची मंगल नवा ब्लाउज घालून आली. पाठीचा घोळ असा की... असो. "कसा शिवलाय काकू?" मी म्हटलं, छान. मी खोटं बोलले हे तिला कळलं, तिला कळलं हे मला कळलं. ती खुशीत गेली.

मला मात्र जेवण गेलं नाही. नेम ना. ठे.चा घेतला, खोटं बोलायचा परवाना कुठून आला? एक पाप सोडून दुसरं धरलं. हे म्हणाले, "मग कायच बोलू नको." ते मला जमणार नाही हे त्यांना लग्नापासून ठाऊक आहे.

नवा ठराव: खरं आणि चांगलं असं दोन्ही सापडेपर्यंत माणसाकडे बघत राहायचं. सापडलं की तेवढंच बोलायचं.

१३ जुलै, रविवार
बघत राहण्यात फार वेळ जातो. पल्लवीच्या भाकरीकडे बघत बसले. कडा जाड. मध्ये... नको. पण पापुद्रा असा सुटतो की आमच्या सासूबाईंच्या हातचाही सुटत नव्हता. तसं सांगितलं. तिचे पिठाचे हात परातीतच राहिले. म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

संध्याकाळी ओट्यावर लसूण सोलत माझ्याशेजारी येऊन बसली. आपण होऊन. ऑफिसातल्या गमती सांगत होती, खूप हसलो दोघी. लग्न होऊन आली तेव्हापासून असं कधी बसलो होतो ते आठवत नाही.

२२ जुलै, मंगळवार
तळमजल्यावरची खोली रिकामी झाली, झाडायला गेले. शिमग्याच्या सुमारास अक्कांच्या भाच्याने, नितीनने, तिला रंग दिला होता. कंपनीने ब्रेक दिला म्हणून घरी बसून होता, अक्कांनी आमच्याकडे धाडला. कंत्राटी पोरांना असा मधेमधे ब्रेक देतात, मग परत बोलावतात. कधी परत बोलावतही नाहीत. तेव्हा मी त्याला काय काय ऐकवलं होतं: फरशीवर थेंब पडले, काम लांबलं, चहा किती पितोस.

आज दार लावून मागचा कोपरा झाडला. दाराच्या मागची भिंत, कोनाड्याच्या आतलं छत, माळ्याची खालची बाजू, सगळीकडे पक्का दोन हात रंग. जिथं कुणाची नजर जात नाही तिथं. माझीही गेली नव्हती, आणि माझी सगळीकडे जाते. त्याच दिवशी सांगायला हवं होतं पोराला.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी
लिंबाला झोका बांधला. वरच्या खोलीतली वंदना सुट्टी मिळाली म्हणून खाली आली. लातूरकडची, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. दिवसभर एकेक भाग हातात घेऊन बघायचा, खोट असेल तर लाल खोक्यात टाकायचा. म्हणजे ही ना. ठे.चा पगार घेते, मी इतकी वर्षं फुकट करत होते. हे तिला सांगितलं तर झोक्यावरून पडेल इतकी हसली. मोठा झोका घेते. पदराची फिकीर नाही, मला फार आवडली.

अक्का आल्या होत्या. त्या झोक्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मी ओळखते. नितीनचं लग्न बघताहेत.

१७ ऑगस्ट, रविवार
झालंच तसं. वंदना आणि नितीनची एकदा देवळात गाठ घालून दिली, दोघांनी एकमेकांना बरं म्हटलं. आज अक्का आमच्या ओट्यावर बसून वंदनाच्या वडिलांशी फोनवर बोलल्या. फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

या कंपन्यांच्या पट्ट्यात मुलाची पत्रिका नंतर बघतात, आधी एकच प्रश्न. त्यांनी विचारला, "पोरगा परमनंट हाय का?"

अक्का माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "व्हय तर. परमनंट हाय."

तिकडून आवाज आला, "आमची लेक बी परमनंट हाय बगा."

वंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने मान खाली घातली. खोली घेतानाच मला सांगितलं होतं तिने, काकू, मी कंत्राटी आहे, ब्रेक मिळाला तर गावाकडं जाईन. आणि नितीनचं तर मी जाणूनच आहे. नवीन कंत्राटावर लागलो म्हणून परवाच ह्यांना सांगत होता.

दोन्हीकडून खोटं आणि मधे मी, तोंडाला कुलूप लावलेली. देवाला माझीच गंमत बघायची होती.

१९ ऑगस्ट, मंगळवार
वंदना कंपनीतली पाळी सुटल्यावर आली. बसली, उठली, परत बसली. "काकू, बाबांनी खोटं सांगितलंय. त्यांच्यापुढं माझं तोंडच उघडत नाही. आणि ते नितीन तर परमनंट हायत. उद्या कळलं तर म्हणतील, पोरीनं फसवलं."

जिभेवर वाक्य तयार होतं. अगं, तोही कंत्राटीच आहे. एवढंच म्हटलं असतं तर पोरीच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण अक्कांच्या माघारी अक्कांना खोटं पाडणं, भाच्याचं उणं सांगणं, याला ना. ठे. नाही तर काय म्हणायचं? चहा दिला तिला. तोही जास्त उकळला.

ह्यांना सांगितलं. एरवी थट्टा करतात, आज नाही केली. "तुझ्या नेमापायी पोरगी फसली, तर ते पुण्य का पाप?"

मला वाटायचं, नेम पाळला की पुण्य, मोडला की पाप. इतकं सरळ होतं. वांगं सोडलं होतं तेव्हा खरंच सरळ होतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
दोन दिवस हेच डोक्यात. आज भाजी निवडताना एक लक्षात आलं. कंत्राटी असणं हे उणं आहे असं मी धरून चाललेय. कुणी सांगितलं मला? आमच्या सगळ्या खोल्यांतून तीच पोरं राहतात. उजाडायच्या आत उठून बस धरतात, गावाकडं आईला फोन करतात, आजारी पडलं की एकमेकांना पेज करून घालतात. त्यांच्यात काय खोट आहे? आणि मीच खोली देताना आधी विचारते, परमनंट का कंत्राटी. म्हणजे न बोलताही मी ना. ठे. करतच होते.

खोट खोट्यात आहे, आणि ते बोलले कोण? मावशी आणि बाप. दोघंही लेकराच्या मायेनं. आता माया कुठल्या खोक्यात टाकायची?

१ सप्टेंबर, सोमवार. गौरी जेवण
हात पुरणाचेच आहेत, तरी लिहितेय.

अक्कांना आणि नितीनला जेवायला बोलावलं होतं. वंदनाला कालच सांगितलं, "पहिली पाळी सुटली की थेट हिकडं ये. वर जाऊन कपडे बदलत बसू नको, पोळ्या खोळंबतील." अगदी साधं सांगितलं. मनात काय होतं? ते पुढं लिहीन.

आली धावत. कंपनीचा शर्ट, घामाघूम, गळ्यात कार्ड. कंत्राटी माणसाच्या कार्डावर कंपनीचं नाव बारीक आणि ठेकेदाराचं मोठं असतं. आमच्या भागात हे लहान पोरालाही वाचता येतं. ती पोळी वाढायला वाकली आणि कार्ड नितीनच्या ताटावर लोंबायला लागलं.

नितीनने बघितलं. वंदनाच्या लक्षात आलं, कार्ड मुठीत घट्ट धरून तशीच उभी राहिली. अक्कांचा घास हातात. पल्लवी दारात तूप घेऊन. मी गौरीकडे बघत बसले, दुसरीकडे बघायचं धाडस नव्हतं.

नितीनला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्याने. डाव्या हाताने खिशातून आपलं कार्ड काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. कंपनी वेगळी, पण मोठ्या अक्षरातलं नाव तेच. ठेकेदार एकच दोघांचा.

"म्हणजे पगार उशिरा झाला की दोघांचा एकदमच होणार," तो म्हणाला.

वंदना हसायला लागली, मग रडायला, मग परत हसायला. पल्लवीने तूप भातावर वाढायचं ते पापडावर वाढलं. हे म्हणाले, "पोळी घ्या रे, गार होतीय." नितीनने चार पोळ्या खाल्ल्या. गौरीसुद्धा आज वेगळी दिसत होती, उगाच नाही म्हणत. फार आनंदाचा दिवस.

अक्का मात्र ताक न पिता उठल्या.

३ सप्टेंबर, बुधवार
भजनाला गेले. अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "तू बोलली न्हाईस, पण केलंस. नेम तोंडाचा व्हता का मनाचा?"

रस्ताभर तेच. कार्ड दिसावं असं मला वाटत होतं का? होतं. अक्कांचं खोटं उघडं पडावं असं? थोडं तेही होतं. पोरीचा धोंडा उतरावा म्हणून किती आणि अक्कांची जिरावी म्हणून किती, हे मला वेगळं काढता येत नाही. डाळीत मिसळलेले खडे निवडता येतात. हे नाही येत.

१५ सप्टेंबर, सोमवार
पितृपक्ष, लग्नाची बोलणी बंद. पण पोरं बसथांब्यावर भेटतात असं मंगल सांगून गेली. माझ्याकडून काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली बराच वेळ. मी म्हटलं, थांब्यावर भेटतात ते बरंच आहे, चार माणसांत भेटतात. बिचारी हिरमुसून गेली.

दुपारी अक्का आल्या. दारातच म्हणाल्या, "चहा टाक." मी बघतच राहिले. "बघतीस काय? माझा नेम श्रावणातच मोडला. लेकीकडं गेल्यावर पिते चोरून. कुणाला बोलले न्हाई." पदराने तोंड पुसलं. "तुझं बघून वाटलं, आपण तरी कुठं खरं बोलत बसलोय."

काय बोलावं? बघत बसले. सापडलं. म्हटलं, "अक्का, चोरून प्यालात, पण सांगितलंत दारातनं." त्या हसल्या. मग मीही माझं सांगून टाकलं, गौरीच्या दिवशी तुमची जिरावी असं थोडं वाटलं होतं म्हणून. "थोडं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरंचसं. दोन दोन कप प्यालो. साखर जास्त घातली होती मी, त्यांना आवडते म्हणून.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
चाकण रस्त्याला गाड्यांना हार, कंपन्यांच्या फाटकांना झेंडू. नितीन सोनं द्यायला आला. पाया पडला. दाराच्या मागच्या रंगाचं आज सांगितलं त्याला. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "काकू, तवा तुमी वरडत व्हता, म्हटलं काय सोडलं तर ह्यांना दिसंलच." म्हणजे ते श्रेयही माझ्या ना. ठे.ला. आता यात पाप कुठलं आणि पुण्य कुठलं, देवच जाणे. हे तर पोट धरून हसले.

वंदना म्हणते, दिवाळीला घरी जाऊन बाबांना दोघांचं खरं सांगणार. "तुम्ही सांगा ना काकू फोनवर." मी म्हटलं, तुझं तूच सांग. नेम होता म्हणून नाही म्हटलं का भीती वाटली म्हणून, ते माहीत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
वंदनाचा गावाकडून फोन. सांगितलं तिने. स्वतःचंही आणि नितीनचंही. आई तिचा हात धरून बसली. बाबा कालच्या पाडव्यापासून शेतातच जाऊन बसलेत. एकदाच बोलले: "माजी लेक कंत्राटी म्हणून तर जावई परमनंट बगितला. दोघांला एकाच दिवशी ब्रेक दिला तर चूल कशावर पेटंल?"

यात वाईट काय बोलले ते? बापाच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. वंदनाचा आवाज मात्र मोकळा होता. म्हणाली, "काकू, मोडलं तर मोडलं. पण रात्री झोप लागली." नितीनचं नुसतं नाव काढलं तरी हसते.

मी देवापुढं बसले थोडा वेळ. हे लग्न व्हावं असं मला फार वाटतं. इतकं की स्वतःच्या मुलाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

२ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी
सकाळी देवळात नेम सोडला. एकेकजण पुढं होऊन, पाळला, पाळला म्हणत होती. अक्का म्हणाल्या, "माझा मोडला." मंडपात कुजबुज. मग मी. म्हटलं, "तोंडानं पाळला. मनाचं देवाला म्हाईत." अक्कांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

घरी फराळाला बसलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. पल्लवी म्हणाली, "बोला आई. मोकळ्या झालात." मी म्हटलं, खिचडीत मीठ जास्त झालंय. ती म्हणाली, "हां, आता घरात असल्यासारखं वाटतंय." साबुदाणा मात्र मोती सुटल्यासारखा होता. तेही सांगितलं. दोन्ही सांगता येतं हे इतकी वर्षं कसं सुचलं नाही.

मग फोन. वंदनाचे वडील.

"ताई, आता तुळशीचं लगीन झालं की बोलणी काढावी लागतील नाहीतर मोडावी लागतील. पोरगी म्हणती, काकूंला इचारा. तुमच्या गावात बी इचारलं मी. लोक म्हणत्यात, ह्या बाई कुणालाच चांगलं म्हणत न्हाईत. म्हणून तुमालाच इचारतो. पोरगा कसा हाय?"

हसावं का रडावं. चार महिने जी सवय सोडायला तोंड शिवून बसले तीच माझी पत. हे खुर्ची पुढं ओढून बसले. पल्लवीने गॅस बंद केला, आवाज नको म्हणून.

मी म्हटलं, "दादा, परमनंट न्हाई. कधी व्हईल सांगता येत न्हाई. दिलेल्या येळंला काम संपवत न्हाई, जरा लांबवतो. फरशीवर थेंब सांडतो. आणि चहा लई पितो."

ह्यांनी कपाळाला हात लावला.

"पण आमच्या खोलीला त्यानं रंग दिलाय. दाराच्या मागं दिलाय, कोनाड्याच्या आत दिलाय. दोन हात. मी चार महिन्यांनी बघितलं. तवर त्यानं कुणाला सांगितलं बी नव्हतं. आन् तुमच्या लेकीचं कार्ड बघितलं तवा त्यानं आपलं झाकलं न्हाई, काढून ताटाशेजारी ठेवलं."

फोनातून वारा ऐकू येत होता. शेतात असावेत. ह्यांनी खुणेनं विचारलं, कट झाला का. मी नाही म्हणून मान हलवली.

मग तिकडून एकदम हळू आवाजात, "ताई, चहा म्हंजी... किती पितो?"